मैनीचं शेवटचं पान

परवा ओढ्यापलीकडच्या मळ्यात हळद शिजायला लागली. दिसलं काही नाही, आधी वासच आला. ओली माती, उकडलेला कंद, थोडं औषध आणि थोडं देवघर असा तो मिसळलेला वास एकदा वाऱ्यावर चढला की आमच्या गावात कुणाला कॅलेंडर बघावं लागत नाही. कनेरगाव नाक्याकडे जाणाऱ्या एसटीतली बाहेरची माणसं नाक मुरडून खिडक्या लावतात. आम्हाला तो वास म्हणजे घरात पैसा येण्याची वर्दी. इतकी वर्षं हा वास आला की मी अंगातला आळस झटकून कामाला लागायचो. परवा मात्र घरात गेलो आणि दार लावून घेतलं. भर उकाड्यात दार लावलेलं बघून शेजारच्या वहिनींनी बाहेरूनच विचारलं, "भावजी, तब्येत बराबर हाय ना?" "बरी आहे," म्हणालो. दुसरं काय सांगणार? वासानं रडू येतंय म्हणालो असतो तर त्यांनी भगत बोलावला असता.

माझी बायको शोभा गेल्या वर्षी याच दिवसांत गेली. अंगणात हळद वाळत होती आणि ती गेली. लोक म्हणतात, दिवस कसे निघून जातात कळत नाही. मला कळतात. एकेक कळतो.

शोभा आमच्याच गावच्या शाळेत शिकवायची. माहेर औंढ्याचं, वडिलांचं देवळाच्या वाटेवर बेलफुलांचं आणि प्रसादाचं दुकान. दर्शनाला आलेल्या माणसांची घाई बघत ती लहानाची मोठी झाली, पण स्वतः कधी घाईत दिसली नाही. आणि नशिबी आला कोण, तर मी! चहा उकळायच्या आत मला कप हातात पाहिजे, एसटी दिसायच्या आत माझा हात वर. लग्नात अंतरपाट धरलेला असताना मी मान उंच करून पलीकडे पाहिलं होतं म्हणे. त्यावरून तिनं मला जन्मभर चिडवलं. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," हे तिनं इतक्यांदा ऐकवलं की आमच्या निखिलला लहानपणी वाटायचं, बाशिंग हे गुडघ्यालाच बांधतात. गावातली माणसं मला 'बाईंचे मालक' म्हणत. दोन एकर हळदीचा मालक मी होतो हे खरं, पण घर चालायचं ते तिच्या सबुरीवर.

चित्रांची पुस्तकं तिनं काढायला घेतली ती निखिलपायी. पोरगं माझ्यावर गेलेलं. औंढ्याच्या शिवरात्रीच्या यात्रेत त्यानं चावीच्या मोटारीसाठी भर रस्त्यात लोळण घेतली. मी खिशात हात घातला, तिनं तो तसाच धरून ठेवला. घरी आल्यावर तिनं भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं. मोंढ्यातल्या अडत दुकानातून दरवर्षी मिळतं तसलं मोठं, पुढून देव, मागून कोरं. त्या कोऱ्या बाजूवर तिनं मातीचा गल्ला घेऊन बसलेला एक पोरगा काढला. "पुढं काय झालं?" निखिलनं विचारलं. "पुढच्या शनिवारी," ती म्हणाली आणि ब्रश धुवायला उठली. तिथून ती पद्धतच पडली. आठवड्याला एक पान. निखिल रुसायचा, रडायचा, माझ्याकडे वशिला लावायचा. पण पुढचं पान काढलेलंच नसायचं, तर उलटणार काय? शेवटच्या पानावर त्या चित्रातल्या पोरानं गल्ला फोडून मोटार घेतली, आणि त्याच दिवशी निखिलनंही तोवर भरत आणलेला आपला गल्ला फोडून खरी घेतली. ती मोटार त्यानं मोडली नाही. आमच्या घरात न मोडलेलं ते पहिलं खेळणं.

पुढं ती शाळेतल्या लेकरांसाठी पुस्तकं काढायला लागली. शाळेत छापील, गुळगुळीत पुस्तकं यायची, नाही असं नाही. मी एकदा म्हणालो, "एवढी पुस्तकं पडलीत, तू कशाला हात पिवळे करत बसतेस?" ती म्हणाली, "ती पुस्तकं लेकरं एका बैठकीत संपवतात आणि दुसरं मागतात. वाट बघा, वाट बघा असं सांगून कुणी वाट बघायला शिकतं का? तुमाला इतकी वर्षं सांगून राहिले, शिकलात का?" नव्हतो शिकलो.

मैनीचं पुस्तक तिनं जायच्या आधीच्या दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुरू केलं. वर्ग तिसरीचा. मैनी म्हणजे आमच्याकडच्या शेतात कुठंही दिसेल अशी पोरगी. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, पिवळा परकर. पिवळा रंग घरच्या हळदीचा. हळदीत चुना कालवला की लाल होते, तो लाल रंग मैनीच्या रिबिनींना. हिरवा पाल्याचा रस काढून. निळा तेवढा हिंगोलीहून विकत आणायचा, आणि तो आणायचं काम माझं. "आभाळ काही घरी करता येत नाही," असं म्हणायची.

गोष्ट तशी साधी. मैनी सरवा वेचते. शेतातली हळद काढून झाली की मातीत चुकून राहिलेली हळकुंडं जो वेचेल त्याची, मालकानं त्यावर हक्क सांगायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. मैनी ती वेचते, विकते, पैसे गल्ल्यात टाकते. मग एका शनिवारी गारेगारवाला येतो आणि मैनी नुसती थुंकी गिळते. एका शनिवारी बांगड्यांची टोपली दारात उतरते. एका शनिवारी यात्रा भरते, पाळणा फिरतो, मैनी खाली उभी राहून वर बघते. गल्ला जड होत चाललाय हे चित्रात दाखवायचं कसं, यावर शोभानं बराच विचार केला होता. आधी मैनीच्या एका हातात गल्ला, नंतर दोन्ही हातांत, नंतर कडेवर, लहान भावंडासारखा. मी एकदा तिला डबा द्यायला शाळेत गेलो तर ते पान बघून सगळा वर्ग कंबर वाकडी करून बसलेला!

मैनी हे सगळं कशासाठी साठवते, ते मात्र शोभानं कुणालाच सांगितलं नाही. वर्गात पैजा लागल्या होत्या. ईश्वरी नावाची एक बारकी, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी होती, ती म्हणायची सायकल. शिवराज म्हणायचा म्हैस. "मैनी म्हशीवर बसून शाळेत येनार," असं तो शपथेवर सांगायचा. शोभा म्हणायची, "मैनीलाच माहीत. सबर करा." सबर हा तिचा शब्द. संयम, धीर हे शब्द फळ्यावर लिहिण्यापुरते.

कुंभाराकडून तिनं वर्गातल्या प्रत्येक लेकरासाठी एक बारका गल्ला करून आणला होता. वर चुन्यानं नाव. सगळे गल्ले वर्गातल्या फळीवर ओळीनं ठेवलेले, आणि नियम एकच. मैनी ज्या दिवशी फोडेल त्या दिवशी सगळ्यांनी फोडायचा. त्याआधी हलवून बघायची परवानगी, फोडायची नाही.

आणि मग हळदीचा हंगाम आला. चित्रातला आणि शेतातला एकाच वेळी आला, हे तिनं मुद्दाम जुळवलं होतं. आमच्या शेतात हळद निघाली, बाया गड्डे मोडून हळकुंडं वेगळी करत बसल्या आणि सरव्याला लेकरांची झुंबड उडाली. ईश्वरीची आई आमच्याकडे कामाला होती. ईश्वरीनं ओच्यात हळद भरून आणली तशी ती म्हणाली, "चल, दुकानात देऊन येऊ. वल्ल्या हळदीचं कमी येईना का, आज हातात तर येतंय. हातचं सोडून पळत्याच्या मागं काहून लागावं?" ईश्वरीनं ओचा दोन्ही हातांनी आवळून धरला. "मैनीनं वल्ली इकली का? मंग मी बी न्हाई इकत." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "बाईनं भारीच येड लावलं बगा पोरीला." पण हसत म्हणाली.

ओली हळद शिजवायची तर लेकरांकडं वाफेच्या पिंपांचा कुकर कुठला? मग शोभानं तोड काढली. ज्यानं त्यानं आपला सरवा फडक्यात बांधायचा आणि आमच्या हळदीबरोबर पिंपात सोडायचा. आपलं गाठोडं ओळखू यावं म्हणून प्रत्येकाची चिंधी वेगळी. वाफेचं झाकण उघडलं की पिवळ्या ढिगातून लाल, निळी, फुलाफुलांची गाठोडी वर यायची आणि काठावर उभी असलेली लेकरं ओरडायची, "माझं, माझं!" शिजली की नाही ते काडी टोचून बघतात. काडी आरपार गेली की झालं. मी सवयीनं घाई करायचो, काडी अर्धी गेली की उतरवा म्हणायचो, आणि लेकरं एका सुरात म्हणायची, "सबर करा, काका!" आपल्याच शेतात, आपल्याच पिंपापुढं एवढ्याएवढ्या पोरांकडून बोलणी खाल्ली मी. शोभा पदर तोंडाला लावून हसत होती.

आता आठवतो तो तिचा तेव्हाचा चेहरा. वाफेनं कपाळावरचं कुंकू ओघळलेलं, नाकाच्या शेंड्याला हळद. असा चेहरा आपण शेवटचा बघतोय हे कळत असतं तर माणूस डोळे भरून बघेल. कळत नाही. मी पिंपाकडे बघत होतो.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेतून आली की ती ओट्यावर कॅलेंडरचं पान पसरायची, चार कोपऱ्यांवर चार हळकुंडं ठेवायची. मी समोर बसायचो. मैनीचं नाक, मैनीचे हात, हळूहळू उमटायचे. मी विचारायचो, "शेवटी काय होतं?" ती मान वर न करता म्हणायची, "शनिवारी या शाळेत." मी म्हणायचो, "अगं, मी काय तिसरीत आहे? मला सांगितलं तर कुणाला सांगणार आहे?" "गावभर," ती म्हणायची. मी चिडायचो. आमिषं दाखवायचो, चहा करून द्यायचो. एकदा तर खरंच रागावलो. "एवढं काय राजाचं गुपित आहे?" त्यावर तिनं ब्रश खाली ठेवला आणि फार मायेनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाला एकदा तरी वाट बघण्याची गोडी कळू द्या ना मला," म्हणाली. मला गोडी कळली नाही. पण पुढं पुढं असं झालं खरं की शुक्रवार आला की मी शेतातून लवकर घरी यायला लागलो.

चैत्र लागला. हळद अंगणात, गच्चीवर, ताडपत्रीवर पसरलेली. त्या शनिवारी तिनं वर्गाला सांगितलं, "आता एकच पान राहिलं." लेकरं नाचत घरी गेली. गुरुवारी सकाळी शाळेला निघताना ती अंगणात हळद हलवायला वाकली आणि वाकली ती तशीच आडवी झाली. मी धावलो. मला वाटलं पाय घसरला. तिनं माझ्याकडे पाहिलं, काही बोलायला गेली, तोंड वाकडं झालं. हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय. वाटेत आणि दवाखान्यात मी सगळ्यांवर ओरडत होतो, लवकर करा, लवकर करा. त्यांनी लवकर केलं. संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

तिला अंगणात आणलं तेव्हा हळद तशीच पसरलेली होती. अख्खं गाव लोटलं, हळकुंडं पायाखाली चिरडली, येणाऱ्याजाणाऱ्याचे तळवे पिवळे झाले. बायांनी तिला न्हाऊ घातलं, हळदीनं माखलं, मळवट भरला, हिरवा चुडा घातला. "अहेव गेली, भाग्याची," म्हणाल्या. भाग्य! मला त्या क्षणी सगळ्यांना हाकलून द्यावंसं वाटलं. त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे तसंच म्हणतात, समजूत घालायला दुसरे शब्द कुणाकडं नसतात. लेकरं कुंपणाशी ओळीनं उभी होती. एवढ्या गर्दीत फक्त ती हळदीवर पाय न देता उभी होती.

त्या वर्षी हळदीला भाव चांगला आला. मोंढ्यात लिलावाला माझ्या ढिगापुढं बोली चढत गेली आणि मला कसलाच आनंद होईना. हिशेबाची पट्टी घेऊन बाहेर आलो आणि सवयीनं, निळा रंग घ्यायचो त्या दुकानापुढं जाऊन उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "क्या देऊँ, चाचा?" मी म्हणालो, "कुछ नहीं." आणि तरी बराच वेळ तिथंच उभा होतो.

निखिल पुण्याला नोकरीला असतो. तो म्हणतो, "बाबा, इकडं या, एकटे काय करता तिथं?" एकदा मी त्याला फोनवर विचारलं, "आई तुला कधी बोलली होती का रे, मैनीच्या पुस्तकात शेवटी काय आहे ते?" तो म्हणाला, "नाही बाबा. मला तिनं माझंच पुस्तक सांगितलं होतं." नंतर आम्ही दोघं पावसापाण्याचं बोलत राहिलो. तिच्या कागदांत, कपाटात मी शोधलं नाही असं नाही. पण ती आराखडे करणारी नव्हती. पुढचं पान तिच्या डोक्यात असायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी हातात यायचं. ते तिच्याबरोबर गेलं.

जूनमध्ये शाळेत नवे सर आले. तरुण मुलगा, लांबच्या जिल्ह्यातला, कामाला चांगला. शोभानं वर्गाच्या भिंतीवर ओळीनं लावलेली मैनीची पानं त्यांनी उतरवली नाहीत. मात्र हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. खिडकीतून येणाऱ्या उन्हानं मैनीचा परकर फिका होत गेला, दिवाळीपर्यंत पार पांढरा पडला. आभाळ तेवढं निळंच्या निळं राहिलं. हे मला सरांनीच सांगितलं. मी शाळेच्या रस्त्यानं जाणं टाळत होतो, मळ्यात जायला लांबचा वळसा घेत होतो.

परवा वास आला आणि काल ते सर घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले, अवघडून म्हणाले, "काका, तुमच्याकडं एक काम होतं. बाईंचा वर्ग आता चौथीतून बाहेर पडतोय. पाचवीला मुलं दुसऱ्या गावी जाणार. फळीवरचे गल्ले अजून तसेच आहेत. मी सांगून थकलो, फोडा आणि पैसे घरी न्या. एकही पोर फोडत नाही. मैनीनं अजून फोडला नाही म्हणतात. वर्षभर त्यात पैसे टाकताहेत, भरून वर आलेत, पण फोडायचं नाव नाही. पालक माझ्याकडे चकरा मारतात. तुम्ही एकदा येऊन सांगाल का?"

मला आधी रागच आला. लेकरांचा नाही, शोभाचा. इतकं पक्कं कशाला शिकवायचं? गल्ल्यात पैसा टाकणं म्हणजे काय, तर उद्या येणार आहे यावर विश्वास ठेवणं. वाट बघणं म्हणजे पलीकडून कुणीतरी निघालंय हे धरून चालणं. हळद थांबून वाळवली की सोन्याच्या भावानं जाते, हे तिनं लेकरांच्या मनावर ठसवलं. पण पलीकडून कुणी निघालेलंच नसेल तर त्या वाटेचं काय करायचं, हे तिनं शिकवलं नाही. शिकवणार कधी? तिलाच ठाऊक नव्हतं. आणि ती सगळी लेकरं त्या फळीपुढं बसून ज्याची वाट बघत होती, त्याचीच वाट मीही इथं दार लावून बघत होतो.

सर गेल्यावर मी एक उद्योग केला. जुनं कॅलेंडर काढलं, मागच्या बाजूला मैनी काढायला बसलो. शेवटचं पान मीच काढावं, सायकल की म्हैस काहीतरी दाखवावं, लेकरांची सुटका करावी असा विचार. मी काढलेली मैनी बघून मलाच शोभाचं हसू ऐकू आलं. मैनी कसली, बुजगावणं होतं ते. कागद चुलीत टाकला. चित्र न्यायचं नाही, नुसतं तोंडानं सांगायचं ठरवलं.

आज शनिवार, सकाळची शाळा. गेलो. वर्गात शिरताच लेकरं उभी राहिली. वर्षात केवढी वाढली होती! शिवराजला मिशीची घाई झाल्यासारखा आवाज आलेला, ईश्वरीचे हातपाय लांब झालेले, डोळे तेवढे तसेच टपोरे. भिंतीवर पांढऱ्या परकरातली मैनी कडेवर गल्ला घेऊन उभी. मी खुर्चीवर बसलो नाही. टेबलाला टेकून उभा राहिलो आणि घरून पाठ करून आणलेलं बोलायला लागलो. "बाईंनी मला शेवटचं पान सांगून ठेवलं होतं. मैनी गल्ला फोडते आणि सायकल घेते."

कुणी टाळी वाजवली नाही. सायकलीची पैज जिंकलेली ईश्वरी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "न्हाई, काका. बाईनं तुमाला न्हाई सांगितलं."

"काहून गं? सांगितलं ना."

"बाई आमाला दर शनिवारी सांगायच्या. काका शुक्रवारी लई विचारून राहिलेत, च्या करून देऊन राहिलेत, तरी मी त्याइला बी सांगितलं न्हाई म्हणून."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मलाही हसू आलं. म्हणजे माझ्या उतावळेपणाच्या गोष्टी ती दर शनिवारी या वर्गात सांगायची. या लेकरांना मी पुरता ठाऊक होतो. ज्यांना फसवायला आलो होतो त्यांच्यापुढं मी डोळे पुसत उभा राहिलो. "खरं आहे," म्हणालो. "मला नाही सांगितलं. कुणालाच नाही."

"मंग आमी थांबतो," शिवराज म्हणाला. जसं काही मी एसटीला उशीर आहे असं सांगितलं होतं.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती. हे मलाच बोलावं लागणार होतं. बाई गेल्या, वारल्या, देवाघरी गेल्या, हे सगळे शब्द मी वर्षभर वापरले होते. त्यातल्या प्रत्येक शब्दात ती कुठंतरी गेलेली असते, आणि गेलेलं माणूस परत येऊ शकतं असं मनाला आतून वाटत राहतं. 'मेली' हा दुसरा शब्द मी कधी उच्चारलाच नव्हता.

"लेकरांनो, ते पान येणार नाही," मी म्हणालो. "बाई येणार नाहीत. कितीही थांबलो तरी येणार नाहीत. थांबायचं ते येणाऱ्यासाठी असतं. आता थांबायचं नाही."

मग शिवराज उठला, फळीवरून आपला गल्ला काढला, अंगणात गेला आणि दगडावर आपटला. त्याच्यामागून दुसरा, तिसरी. बाहेर खापरांचा आणि नाण्यांचा आवाज व्हायला लागला, मग हळूहळू बोलणं, मग हसणंसुद्धा. लेकरंच ती. मला त्यांच्या हसण्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

वर्गात ईश्वरी एकटी उरली. गल्ला छातीशी धरून. माझ्यापुढं आली, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, माझ्यानं न्हाई होत. तुमी फोडा." आणि दोन्ही हातांनी गल्ला पुढं केला. चुन्यानं लिहिलेलं नाव शोभाच्या अक्षरातलं, ठसठशीत. आयुष्यभर घाईत जगलेल्या माणसाला त्या वेळी हात पुढं करायला किती वेळ लागला म्हणून सांगू! पण ती हात पुढं करून उभी होती, आणि तिचे हात भरून येत होते. मी गल्ला घेतला. उंबऱ्याच्या दगडावर टेकवला आणि फोडला.

तिनं आधी खापराचे तुकडे गोळा केले, मग पैसे वेचून फ्रॉकच्या ओच्यात घेतले. उभी राहिली. "आता काय करायचं, काका?"

"आता खर्च करायचे," मी म्हणालो.

"सगळे?"

"सगळे."

"बरं," म्हणाली, आणि ओचा सावरत बाहेर पळाली. मी मागं वळलो, शोभाच्या खुर्चीवर बसलो आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं, पोटभर रडलो. बाहेर लेकरं पैसे मोजत होती.